हत्तीला आत्मा मिळाला तर? : ट्यूरिंगचा लेख पुन्हा वाचताना

दोन वर्षांपूर्वी विज्ञान दिनाच्या निमित्ताने एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत व्याख्यानाला गेलो होतो. विषय होता कृत्रिम बुद्धिमत्ता. नोकऱ्या जातील का, यंत्रमानव लढाया करतील का, असे नेहमीचे प्रश्न येऊन गेले. शेवटी नववीतली एक मुलगी उठली. ती म्हणाली, "सर, माणसाने यंत्र बनवले आणि त्याला विचार करायला शिकवले, असे तुम्ही सांगितले. मग देवाने माणूस बनवला आणि त्याला विचार करायला शिकवले, असे म्हटले तर चूक काय? आणि तसे असेल तर आपण जे करतो ते आपणच करतो, की त्याने भरलेला प्रोग्राम करतो?"

मी हसून म्हणालो, "तसे असेल तर नापास झाल्यावर प्रगतिपुस्तक देवाच्या नावाने काढायला हवे." सभागृह हसले, मुलगी खाली बसली, आभारप्रदर्शन झाले. नंतर चहा घेताना तिथले विज्ञानाचे शिक्षक हळूच म्हणाले, "सर, टाळ्या तुम्हाला मिळाल्या, पण तिला उत्तर नाही मिळाले."

त्यांचे म्हणणे खरे होते. परत आल्यावर मी या विषयाचा मूळ झरा मानला जाणारा लेख पुन्हा काढून वाचला. अॅलन ट्यूरिंगचा हा लेख ऑक्टोबर १९५० मध्ये 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या इंग्रजी त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. विद्यार्थिदशेत मी तो वाचला होता आणि त्यातली 'ट्यूरिंग चाचणी' तेवढी लक्षात ठेवली होती. या वेळी वेगळेच काही दिसले. त्या मुलीचा प्रश्न लेखात आहे, आणि आश्चर्य म्हणजे ट्यूरिंगनेही तो मी टाळला तसाच, विनोद करून, टाळला आहे. निदान पहिल्या फेरीत तरी.

लेखाची मांडणी थोडक्यात अशी. 'यंत्र विचार करू शकते का?' हा प्रश्न फार ढोबळ आहे, म्हणून ट्यूरिंग त्याऐवजी एक खेळ सुचवतो. परीक्षक एका खोलीत बसून टंकलिखित प्रश्न विचारतो. दुसरीकडे एक माणूस आणि एक यंत्र असते. कोण कोण आहे हे परीक्षकाने केवळ उत्तरांवरून ओळखायचे. त्याचे भाकीत असे, की सुमारे पन्नास वर्षांत शंभर कोटी अंकांची स्मृती असलेले संगणक हा खेळ इतका चांगला खेळतील, की पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर सामान्य परीक्षकाला बरोबर ओळखण्याची संधी ७० टक्क्यांहून अधिक राहणार नाही. (शंभर कोटी द्विमान अंक म्हणजे सुमारे १२५ मेगाबाइट. आजच्या साध्या मोबाईलमध्ये याच्या शेकडो पट जागा असते.) त्यानंतर तो नऊ आक्षेप घेतो आणि एकेकाला उत्तर देतो. पहिलाच आक्षेप देवाचा आहे.

आक्षेप असा : विचार करणे हे माणसाच्या अमर आत्म्याचे काम आहे, देवाने आत्मा प्रत्येक स्त्री-पुरुषाला दिला, पण इतर प्राण्यांना दिला नाही आणि यंत्रांनाही नाही, सबब यंत्र विचार करू शकणार नाही. यावर ट्यूरिंग विचारतो, सर्वशक्तिमान देवाच्या शक्तीवर ही मर्यादा तुम्ही कोणत्या अधिकाराने घालता? त्याच्या मनात आले तर तो हत्तीलाही आत्मा देऊ शकणार नाही काय? तसा योग्य मेंदू मात्र हत्तीला द्यावा लागेल. मग यंत्राचे काय वेगळे? मुले जन्माला घालताना आपण देवाचा अधिकार हिसकावत नाही, तसे यंत्र घडवतानाही हिसकावत नाही. आपण फक्त घर बांधतो, राहायला कोणाला पाठवायचे हे त्याने पाहावे.

वाचताना हसू येते. युक्तिवादही कसलेला आहे, कारण तो श्रद्धाळूला त्याच्याच अंगणात गाठतो. पण पुढच्याच क्षणी ट्यूरिंग सांगतो, की असल्या धर्मशास्त्रीय युक्तिवादांनी तो स्वतः प्रभावित होत नाही. गॅलिलिओच्या काळी बायबलातली वचने पृथ्वी स्थिर असल्याचा पुरावा म्हणून पुढे केली जात, त्याची तो आठवण देतो. म्हणजे वरचा सगळा युक्तिवाद त्याच्या लेखी करमणुकीचा होता. ज्याला आपण स्वतः मानत नाही, तो युक्तिवाद समोरच्याला गप्प करण्यापुरता वापरणे वकिलाला शोभते. वर्गात ते चालत नाही. मुलांना ते लगेच कळते.

याच परिच्छेदात ट्यूरिंगच्या हातून एक सरळ चूकही झाली आहे. मुसलमान स्त्रियांना आत्मा नसल्याचे मानतात, असे तो गृहीत धरून चालतो. इस्लामची शिकवण तशी नाही. ती युरोपात दीर्घकाळ फिरत राहिलेली एक गैरसमजूत आहे. एरवी प्रत्येक पायरी तपासून टाकणारा गणिती परक्या धर्माविषयी लिहिताना ऐकीव गोष्टीवर विसंबतो, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे मात्र हा आक्षेप मुळात या रूपात उभाच राहत नाही. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, ही कथा आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेली असते. ती आख्यायिका आहे हे मान्य. पण ज्या समाजात रेड्याच्या तोंडी वेद शोभतात, त्याला हत्तीच्या आत्म्याचे कसले अप्रूप? जैन विचारात तर वनस्पतींनाही जीव आहे. उलट बाजूला चार्वाक म्हणत, की चैतन्य ही भूतांच्या विशिष्ट संयोगातून उपजणारी गोष्ट आहे. आंबवलेल्या घटकांत एकेकट्याने मादकता नसते, पण एकत्र आल्यावर ती येते, तसे. यंत्राच्या बुद्धीविषयी आज जे बोलले जाते, त्याचा एक पूर्वज इथे सापडतो. ट्यूरिंगच्या मातेचा जन्म मद्रास इलाख्यातला, वडीलही त्याच इलाख्यात मुलकी सेवेत. मुलाला मात्र त्यांनी इंग्लंडमध्येच ठेवले. तो इकडे वाढला असता तर पहिला आक्षेप त्याने वेगळा लिहिला असता, असे उगीचच वाटून जाते. दुसऱ्या आक्षेपात, यंत्रे विचार करू लागली तर भयंकर होईल असे वाटणाऱ्यांना तो सांत्वन म्हणून पुनर्जन्माकडे बोट दाखवतो. इंग्लंडमध्ये तो विनोद होता. आपल्या निम्म्या वाचकांना तो विनोद वाटणारच नाही.

तर आपल्या नववीतल्या मुलीचा प्रश्न आत्म्याचा नव्हता. तो निर्मात्याचा होता. हा युक्तिवाद विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ मध्ये प्रसिद्ध केला : माळरानावर घड्याळ सापडले तर घड्याळजी असलाच पाहिजे, मग डोळ्यासारख्या सुरेख रचनेला कर्ता नसेल कसा? याला उत्तर १८५९ मध्ये डार्विनने दिले. लहान लहान फरक, त्यांतल्या टिकणाऱ्यांची निवड आणि भरपूर काळ, एवढ्यावर रचना उभी राहू शकते. हे सर्व शिक्षकांना माहीत आहे. मला जाणवले ते असे, की मुलीचा युक्तिवाद माझ्याच एका सैल वाक्यावर उभा होता. 'माणसाने यंत्राला विचार करायला शिकवले' असे मी म्हणालो होतो. आजच्या भाषिक यंत्रांत घडते ते पेलीच्या घड्याळासारखे नाही. त्यांत अब्जावधी संख्या असतात; यंत्र प्रचंड मजकुरावर पुढचा शब्द ओळखण्याचा सराव करते; चूक झाली की त्या संख्या किंचित हलतात. कोणती संख्या किती असावी हे कोणीही एकेक करून ठरवत नाही, आणि शिकून झाल्यावर अमुक संख्या तिथे का आहे हे बनवणाऱ्यालाही सहसा सांगता येत नाही. सरावाची रीत माणसाने ठरवली हे खरे. आतली रचना मात्र घडत गेली. तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेचे उदाहरण घड्याळजीच्या बाजूने जितके बोलते, त्याहून जास्त ते डार्विनच्या बाजूने बोलते. देव नाही असे यावरून सिद्ध होत नाही, हेही मुलीला सांगायला हवे होते. सिद्ध होते ते इतकेच, की 'आम्ही यंत्र केले, म्हणून आम्हालाही कोणीतरी केले असणार' ही उडी लांब पडते.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, जो मला अधिक अवघड वाटतो : आपण करतो की प्रोग्राम करतो?

ट्यूरिंगसाठी हा प्रश्न कोरडा नव्हता. शाळेतला त्याचा जिवलग मित्र ख्रिस्टोफर मॉर्कम फेब्रुवारी १९३० मध्ये क्षयाने वारला. त्यानंतर मित्राच्या आईसाठी ट्यूरिंगने आत्म्याच्या स्वरूपावर एक छोटे टिपण लिहिले. त्यात विशीतला हा मुलगा म्हणतो, की पूर्वीचे विज्ञान सर्व भविष्य ठरलेले मानत असे. नव्या भौतिकीनुसार अणूंची स्थिती पूर्णपणे कळू शकत नाही. तेव्हा मेंदूच्या एखाद्या लहानशा भागातल्या अणूंवर इच्छाशक्तीचा अंमल चालत असेल, आणि शरीर गेल्यावर आत्मा दुसरीकडे जात असेल. वीस वर्षांनी लिहिलेल्या लेखात यातले काही उरलेले नाही. यंत्रात यदृच्छेने अंक निवडणारा भाग बसवला तर लोक त्याला मुक्त इच्छा म्हणतात, मी तसे म्हणणार नाही, असे तो एका ओळीत सांगून पुढे जातो. ते बरोबरच आहे. फासे टाकून निर्णय घेणारा माणूस स्वतंत्र होत नाही, तो फाशांचा गुलाम होतो.

मुख्य विवेचन आठव्या आक्षेपात येते. लोक म्हणतात : माणूस ठरावीक नियमांच्या यादीने वागला असता तर तो यंत्र ठरला असता, पण अशी यादी नाही, म्हणून माणूस यंत्र नाही. ट्यूरिंग यातला तर्कदोष दाखवतो. पाऊस पडला तर अंगण ओले होते. पाऊस पडला नाही, म्हणून अंगण कोरडेच असले पाहिजे, असे म्हणता येत नाही, कोणी बादली ओतली असेल. शिवाय वागण्याचे नियम आणि वर्तनाचे नियम यांत तो फरक करतो. लाल दिवा दिसला की थांबावे, हा पहिला प्रकार; तो माणूस जाणून पाळतो, आणि दिव्यात बिघाड होऊन लाल व हिरवा एकदम लागला तर गोंधळतो. चिमटा काढला तर तो ओरडेल, हा दुसरा प्रकार. तो शरीराला लागू आहे, माणसाला पटो वा न पटो. पहिल्या प्रकारची संपूर्ण यादी नाही हे उघड आहे. दुसऱ्या प्रकारची नाही हे कोणीही सिद्ध केलेले नाही.

पुढे तो म्हणतो, की मी मँचेस्टरच्या संगणकावर एक छोटा प्रोग्राम ठेवला आहे. त्याला सोळा अंकी संख्या द्या, तो दोन सेकंदांत दुसरी सोळा अंकी संख्या देतो. केवळ उत्तरे पाहून आतला नियम कोणी ओळखून दाखवावा! म्हणजे नियम असला तरी बाहेरून तो दिसेलच असे नाही.

हे मुलांना फळ्यावर दाखवता येते, आणि त्याला संगणक लागत नाही. कोणतीही संख्या घ्या. सम असेल तर निम्मी करा. विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. एक येईपर्यंत हेच करत राहा. २६ घेतले तर १३, ४०, २०, १०, ५, १६, ८, ४, २, १ : दहा पायऱ्यांत संपले. २५ ला तेवीस पायऱ्या लागतात. आता मुलांना २७ द्या, पण आधी अंदाज विचारा. २७ चढत चढत ९२३२ पर्यंत जाते आणि १११ व्या पायरीला एकावर येते. नियम तिसरीच्या मुलाला समजेल इतका सोपा आहे, कुठेही फासे नाहीत. तरी किती पायऱ्या लागतील हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक संख्या शेवटी एकावर येते का, हे फार मोठ्या संख्यांपर्यंत तपासून झाले असले तरी सिद्ध झालेले नाही. ट्यूरिंगने स्वतः १९३६ मध्ये सिद्ध केले होते, की कोणताही प्रोग्राम थांबेल की नाही हे आधीच सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. १९५० च्या लेखात तो हा निष्कर्ष गणिती आक्षेपाखाली घेतो. वर्तनाच्या चर्चेला जोडत नाही. मला ही लेखातली एक हुकलेली संधी वाटते. 'सगळे आधीच ठरलेले आहे' आणि 'आधीच सांगता येते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्याइतके अधिकाराने दुसरे कोण सांगू शकले असते? कुंडली मांडून बसलेल्यांनाही ते ऐकवायला बरे पडले असते.

पण सांगता न येणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. २७ ला मुक्त इच्छा आहे असे कोणी म्हणणार नाही, वादळालाही नाही. इथे ट्यूरिंग अडतो. मे १९५१ मध्ये बीबीसीवरच्या भाषणात त्याने दोनच वाटा ठेवल्या : एक तर मुक्त इच्छेची आपली भावना हा भास आहे, किंवा ती खरी आहे पण वागण्यावरून ती ओळखण्याचा मार्ग नाही. यांतले कोणते खरे हे कसे ठरवावे, ते मला ठाऊक नाही, अशी कबुली त्याने दिली. या प्रामाणिकपणाबद्दल आदर वाटतो. पण वाटा दोनच आहेत हे मला पटत नाही, आणि कोणत्याही शिक्षकाला पटू नये. गृहपाठ न करता आलेल्या दोन मुलांना आपण सारखे वागवत नाही. एकाची आई तापाने पडली होती आणि त्याने पाणी भरले. दुसरा खेळत राहिला. दुसऱ्याला आपण रागावतो, कारण समजावले तर तो उद्या वेगळे वागेल असा आपला अनुभव आहे. शेतावरचा पंप सुरू झाला नाही तर त्याला कोणी समजावत बसत नाही. कारण ऐकणे, ते तोलणे आणि त्याप्रमाणे बदलणे, ही गोष्ट वागण्यात दिसते, आणि अणूंचे नियम काहीही असोत ती दिसतच राहते. स्वातंत्र्याचा निदान कामापुरता अर्थ मी इथे शोधीन.

यात माझीही पंचाईत आहे. आजच्या यंत्राला 'तुझे चुकले, कारण असे असे' म्हटले तर तेही उत्तर बदलते. बरोबर असताना बदलते, हे अनेकांनी अनुभवले असेल. मग त्यालाही स्वातंत्र्य म्हणायचे का? माझे मत नाही असे आहे, आणि त्याचे कारण मला लेखाच्या शेवटच्या भागात सापडते.

शिक्षकांनी लेखाचा हाच भाग वाचावा. प्रौढ बुद्धी एकदम बनवण्यापेक्षा बालकाची बुद्धी बनवून तिला शिकवावे, असे ट्यूरिंग सुचवतो. त्याने हिशेबही केला आहे : एक माणूस दिवसाला हजार अंकांचा प्रोग्राम लिहितो, म्हणजे साठ माणसांनी पन्नास वर्षे न थांबता लिहिले तर काम होईल. (गुणून पाहा, शंभर कोटींच्या थोडे वर जाते. रविवारची सुटी धरलेली नाही.) यंत्राला शाळेत पाठवता येणार नाही, कारण बाकीची मुले त्याची फार टिंगल करतील, असे तो लिहितो तेव्हा स्वतःच्या शाळेच्या दिवसांची त्याला आठवण झाली असावी. हात, पाय, डोळे नसले तरी शिक्षण होऊ शकते, याला त्याने हेलन केलरचे उदाहरण दिले आहे. मात्र मुलाचे मन म्हणजे दुकानातून आणलेली वही, यंत्रणा थोडी आणि कोरी पाने पुष्कळ, ही त्याची कल्पना आज टिकत नाही. तान्ही मुलेही चेहरे, आवाज, वस्तूंचे पडणे यांविषयी अपेक्षा घेऊन येतात. कोऱ्या पाटीवर लिहिणारा शिक्षक मी अजून पाहिलेला नाही. आधीचे पुसताना दमलेले पुष्कळ पाहिले.

यंत्राला शिकवायला तो शिक्षा आणि बक्षीस सुचवतो आणि लगेच स्पष्ट करतो, की यात यंत्राला काही भावना असल्याचे गृहीत नाही. शिक्षा म्हणजे तीच कृती पुन्हा होण्याची शक्यता कमी करणारा संकेत, एवढेच. आजच्या यंत्रांचे शिक्षण याच वाटेने चालते. आणि फरक इथेच पडतो. मुलाला शिक्षा लागते. यंत्रातला आकडा बदलतो. मुलाचे काहीतरी पणाला लागलेले असते : भूक, लाज, मित्र, आईचा चेहरा. 'आपण कशासाठी आहोत' हा प्रश्न ज्याचे काही पणाला आहे त्यालाच पडतो. यंत्राला हेतू आपण देतो, आणि तो पुरा झाला काय, न झाला काय, त्याला सोयरसुतक असल्याचे आज तरी काही दिसत नाही. जेफरसन नावाच्या मेंदूच्या शल्यविशारदाने १९४९ मध्ये हाच मुद्दा मांडला होता, की केवळ सुनीत लिहून भागणार नाही, ते जाणवून लिहिले पाहिजे. ट्यूरिंगने उत्तर दिले, की मग दुसऱ्या माणसालाही जाणवते हे तुम्हाला कसे कळले? ते आपण सौजन्य म्हणून मानतो. उत्तर चतुर आहे, पण दुसऱ्या माणसाच्या बाबतीत आपल्याजवळ सौजन्याहून थोडे अधिक असते. त्याचे शरीर आपल्यासारखे आहे, तोही उपाशी राहिला की कळवळतो.

लेखातला नववा आक्षेप शाळेत अवश्य सांगावा. ट्यूरिंग तिथे लिहितो, की निदान दूरसंवेदनाविषयीचा, म्हणजे मनाने मनाचे ओळखण्याविषयीचा, संख्याशास्त्रीय पुरावा जबरदस्त आहे, आणि त्यासाठी परीक्षेच्या खोलीला त्याचा अटकाव करायला हवा. तो पुरावा पुढे टिकला नाही. मोठ्या माणसाने लिहिले म्हणून विज्ञान होत नाही, याला इतके चांगले उदाहरण सहसा मिळत नाही.

आणि भाकिताचे काय झाले? १९६६ मध्ये वायझेनबॉमने अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 'एलायझा' हा अगदी साधा, वाक्ये उलटवून प्रश्न विचारणारा प्रोग्राम केला. लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले आणि तो स्वतः हबकला. २०२५ मध्ये सॅन डिएगोच्या दोन संशोधकांनी पाच मिनिटांची चाचणी घेतली, तेव्हा एका भाषिक यंत्राला परीक्षकांनी ७३ टक्के वेळा माणूस ठरवले, समोर खरा माणूस असताना. मात्र त्या यंत्राला आधी एका तरुण, बुजऱ्या व्यक्तीचे सोंग घ्यायला सांगितलेले होते. ट्यूरिंगचे भाकीत पंचवीस वर्षे उशिरा का होईना, पुरे झाले. माणसे किती लवकर फसतात हे त्यातून कळले. यंत्राविषयी किती कळले याबद्दल मी साशंक आहे.

हे सगळे मी त्या शिक्षकांना पत्राने कळवले, मुलीला वाचून दाखवा म्हणून. महिन्याभराने त्यांचे उत्तर आले. देवाविषयीचा भाग तिला अर्धाच पटला होता. 'उडी लांब पडते, पण पडतच नाही असे सरांनी कुठे म्हटले?' असे ती म्हणाली. २७ चा प्रयोग त्यांनी दोन गटांत केला. फळा भरला, मग जमिनीवर खडूने लिहिले. दोन्ही गट एकावर पोहोचले, पण एकाच्या १११ पायऱ्या झाल्या आणि दुसऱ्याच्या ८४. कोणाची बेरीज कुठे चुकली ते शोधता शोधता शाळा सुटली.